शेगडीवरचे निळे थेंब

बाई, गेल्या आठवड्यात कॅम्प तीनच्या शाळेतून चित्रांचा गठ्ठा आला आणि त्यात पुन्हा एक शेगडी निघाली. आताच्या पद्धतीची, काचेची, आणि बर्नरवर निळ्या स्केचपेनने काढलेले थेंब. मी ते चित्र वर्गात वर धरलं आणि विचारलं, "सांगा, या घरात काय चाललंय?" माझ्या वर्गातली मुलं आमच्यासारखी गप्प बसणारी नाहीत. एक म्हणाला, "टीचर, यांचा सिलिंडर संपलाय." दुसरी म्हणाली, "नाय रे, वरचा नळ लीक आहे. बघ ना, पाणी टपकतंय." तिसऱ्याने निकाल देऊन टाकला, "मग काय, ऑनलाइन मागवतील. टेन्शन नाय." सगळा वर्ग हसला, मीही हसले. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन बसले, पाण्याची बाटली उघडली आणि एकाएकी रडू आलं. शेजारच्या गणिताच्या सरांनी विचारलं, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, खडूची धूळ गेली डोळ्यात. आमच्या शाळेत आता खडू नाहीत, पांढरे फळे आणि मार्कर आहेत, पण सरांनी बिचाऱ्यांनी रुमाल पुढे केला.

चित्रांच्या या देवाणघेवाणीचा तुमचाच नियम मी अजून चालवते. पेपरात कुठे तरी बातमी आली होती की एका मोठ्या शाळेतली मुलं परदेशातल्या मुलांना चित्रं पाठवतात आणि एकमेकांच्या चालीरीती शिकतात. ती तुम्ही वाचून दाखवलीत आणि नाक मुरडलंत. "आपल्याला विमान कशाला पाहिजे? शेअर रिक्षा पुरे." कॅम्प तीनमधल्या सिंधी शाळेत तुमची एक मैत्रीण शिकवायची. आम्ही अंबरनाथ पश्चिमेची मुलं दिवाळीच्या कपड्यांना दरवर्षी तिथल्या बाजारात जायचो, तिथल्या दुकानदारांशी घासाघीस करायचो, पण त्या दुकानांच्या मागच्या घरांत माणसं काय खातात, कशाला घाबरतात, कुठल्या दिवशी नवे कपडे घालतात, यातलं आम्हाला काडीइतकं माहीत नव्हतं. तुम्ही नियम सांगितलात. देव काढायचे नाहीत, झेंडे काढायचे नाहीत, कॅलेंडरवर असतं ते काहीच काढायचं नाही. सणाच्या दिवशी घरातली एक वस्तू काय करत असते तेवढंच काढायचं, आणि चित्रावर एक अक्षर लिहायचं नाही. समोरच्याने ओळखायचं आणि उत्तर म्हणून आपल्या घरातलं चित्र पाठवायचं. आमच्या वर्गातल्या एकीने जयंतीच्या आदल्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली आईची पांढरी साडी काढली होती, एकाने पुरण वाटून दमलेला पाटा काढला होता. मी काय काढलं होतं ते मला आज आठवत नाही. त्या वर्षातलं बरंचसं मला आठवत नाही.

कारण त्याच उन्हाळ्यात आई गेली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी. तुम्हाला ते माहीत होतं, पण एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चाळीत सगळे दबक्या आवाजात बोलत होते. पप्पांनी हातपाय धुतले, सदरा बदलला, स्टोव्हला पंप मारला आणि खिचडी टाकली. आईच्या स्टोव्हवर, आईच्या पातेल्यात. त्यांनी जन्मात कधी स्वयंपाक केला नव्हता. खिचडी खाली लागली आणि वर कच्ची राहिली. पण मी सकाळपासून उपाशी होते आणि मी ती खाल्ली, बाई. पुन्हा मागून घेतली. तेवढ्यात शेजारच्या काकू झाकलेलं भांडं घेऊन दारात आल्या, पिठलं-भात असणार, आमच्या चाळीत कुणाकडे असं झालं की पहिल्या दिवशी शेजारचेच जेवू घालतात. त्यांनी पेटता स्टोव्ह पाहिला, माझ्या पुढ्यातलं ताट पाहिलं आणि भांडं घेऊन तशाच मागे फिरल्या. गॅलरीत त्या कुणाला तरी म्हणाल्या ते मला आत ऐकू आलं. "बायकोला पोचवून आला आणि आजच स्टोव्ह पेटवला गं. एक दिस तरी थांबायचं."

पुढे काकांनी विचारलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "सुतक-बितक आपण सोडलंय ना? मग?" मोठ्या माणसांचा प्रश्न तिथे मिटला, पण माझा मिटला नाही. माझ्या मनाने घेतलं की आईसाठी आमचं घर एक दिवससुद्धा थांबलं नाही, आणि ते न थांबलेलं सगळं माझ्या पोटात गेलं. त्या दिवसापासून मी पप्पांशी बोलायची ते फक्त विचारल्याला उत्तर म्हणून. आणि गंमत बघा, रडू म्हणून यायचं नाही. सगळे म्हणायचे, पोरगी धीराची आहे.

तर गणपती नुकतेच गेलेले, वर्ग ओलसर, आणि तुम्ही कॅम्प तीनहून आलेल्या चित्रांचा गठ्ठा सोडताय. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, पदराला हिरवा रंग. तुम्ही एक चित्र वर धरता. दोन बर्नरची गॅसची शेगडी, आग नाही, आणि दोन्ही बर्नरवर निळे थेंब. बाजूला फडक्याने झाकलेली ताटं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणते, "कोणतरी मेलंय." आणि आम्हा सगळ्यांनाही तेच दिसतंय. शेगडी बंद म्हणजे दुसरं काय असणार? झाकलेली ताटं शेजाऱ्यांनी आणलेली. थेंब म्हणजे शेगडी रडतेय. तुम्हालाही तेच वाटलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात, ते चित्र खाली ठेवलंत आणि बाकीची वाटत सुटलात. शेवटी ते चित्र माझ्या वाट्याला आलं. तुम्ही मुद्दाम दिलंत की पत्त्यांसारखं वाटता वाटता आलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि आता कोण सांगणार?

ज्या कुणा मुलीने ते काढलं होतं तिचा मला हेवा वाटला. आज हे लिहायची लाज वाटते, पण तेव्हा तेच वाटलं. तिची आई गेली असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि तिच्या घरची शेगडी आईसाठी थांबली होती. मी उत्तराला आमचा स्टोव्ह काढला. ज्योत काढली, पातेलं काढलं, आणि मग काळा खडू घेऊन ती ज्योत विझवायला लागले. घासत राहिले, घासत राहिले, कागद फाटला आणि खालच्या बाकावर काळं उमटलं तरी घासत राहिले. तुम्ही माझं मनगट धरलंत. "कागदाने काय केलंय तुझं?" तुमचा आवाज अख्ख्या वर्गात घुमला. "राग आहे तर तोंडाने बोल. कागद फुकट येत नाही." तुम्ही रागावलात की कान लाल व्हायचे तुमचे. आणि मी सगळ्यांसमोर बोलले. "त्यांच्या घरी पेटवली नाही. आमच्या घरी त्याच दिवशी पेटवला." तुम्ही मनगट सोडलं नाहीत, पण पकड सैल केलीत. मला बाहेर व्हरांड्यात नेलंत, नळाखाली माझे हात स्वतः धुतलेत आणि म्हणालात, "शनिवारी अर्धी शाळा आहे. आपण त्या मुलीला भेटून येऊ. डबा घेऊन जाऊ. तिच्याकडे जायला तुझ्याएवढं योग्य कोणी नाही."

तुमचं स्वयंपाकघर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. स्टेशनजवळच्या त्या बिल्डिंगमध्ये मी आधीही गेले होते, वर्गातल्या मैत्रिणीकडे. तिथे मला पाणी दारात मिळायचं, वेगळ्या पेल्यात. तुम्ही मला उचलून थेट ओट्यावर बसवलंत, डाळीच्या पिठाचं भांडं मांडीत दिलंत आणि म्हणालात, "गुठळी राहिली तर तुलाच खायला लावीन." लसणाची फोडणी बसली आणि मला आईचा हात आठवला, फोडणी देताना ती मान जराशी मागे घ्यायची तशी. तुम्हीही तशीच घेतलीत. सगळ्याच बायका घेत असतील, तेल उडतं म्हणून. पण मी तुमच्याकडे बघत राहिले आणि पीठ ढवळायचं विसरले, आणि गुठळ्या झाल्या. तुम्ही त्या चमच्याने दाबून मोडल्यात, मला खायला लावल्या नाहीत. डब्याचं झाकण लावताना मला समजावलंत, "दुःखाच्या घरी डबा ठेवून यायचा. परत मागायचा नाही. आणि तिथे फार बोलायचं नाही, नुसतं बसायचं."

रिक्षात आपण दाटीवाटीने बसलो. डबा माझ्या मांडीवर, फ्रॉकमधून चटका लागेल इतका गरम, तरी मी तो हलवला नाही. कॅम्प तीनच्या गल्लीत कारखान्यांच्या दारांत जीन्सचे ढीग, जमिनीवर निळ्या दोऱ्यांचा कचरा, आणि तुम्ही साडीचा काठ वर धरून, मैत्रिणीला 'शेगडी कुणी काढली' एवढंच विचारून मिळवलेला पत्ता शोधत चाललेल्या. दार उघडलं एका जाडजूड, हसऱ्या बाईने. हातात चिमटा, आतून पापड भाजल्याचा वास. आपल्याला वाटलं मावशी असेल, नाहीतर काकी. तुम्ही पदर सावरून एकदम हळू आवाजात म्हणालात, "हम अंबरनाथ के स्कूल से आए हैं. बहुत बुरा लगा सुनके." ती घाबरली. "किसका बुरा? क्या हुआ? मेरी बेटी ने कुछ किया क्या?" तुम्ही डबा माझ्याकडून घेऊन पुढे केलात. "आपके घर में... वो मां..." तेवढ्यात ती मुलगी आतून धावत आली, त्या बाईच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, ये कौन हैं?"

तुमचे कान असे लाल झाले, बाई, की वर्गातसुद्धा कधी झाले नव्हते. शेवटी तुम्ही पिशवीतून चित्रच काढून दाखवलंत, शेगडीकडे बोट केलंत, थेंबांकडे केलंत. आत झोपाळ्यावर बसलेली मुलीची आजी ते बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. "थदडी! अरे बाई, थदडी है ये! उस दिन हम लोग चूल्हा ठंडा रखते हैं. पानी का छींटा मारते हैं, हाथ जोडते हैं. खाना एक दिन पहले बनाके रख देते हैं. साल भर जलता है बेचारा, एक दिन तो उसको भी आराम चाहिए ना?" मुलगी हसली, आई हसली, आणि मग तुम्हीही तोंडावर पदर धरून हसायला लागलात. झाकलेली ताटं त्यांचीच, थेंबही त्यांचेच, आणि कुणीही मेलेलं नव्हतं.

मी मात्र हसले नाही. मी त्या मुलीच्या आईकडे बघत होते. ती जिवंत होती. तिच्या ओढणीला पीठ लागलं होतं, कपाळावर घाम होता. अख्ख्या जगात माझ्या जोडीला एक मुलगी होती, तीही आता उरली नाही, असं मला वाटलं, आणि जे इतक्या महिन्यांत आलं नव्हतं ते रडू तिथे, त्या परक्या दारात आलं. फार मोठ्याने आलं. त्या आईने चिमटा टाकला आणि मला पोटाशी धरलं. ती विचारत राहिली, "क्या हुआ पुट, क्या हुआ?" आणि तुम्ही काय ते सांगितलंत. मी हुंदके देत माझ्या हिंदीत म्हणाले, "हमारे घर में उसी दिन स्टो पेटाया. पप्पाने. और मैंने खाया."

आजीने मला झोपाळ्यावर शेजारी बसवलं. तिचं हसू गेलं होतं. ती म्हणाली, "हम सिंध से आए ना, तब इधर ये मिलिट्री के बॅरक थे. एक बॅरक में कितने घर, बीच में बोरी के पडदे. मेरा छोटा भाई बुखार में चला गया. चूल्हा हम भी नहीं जलाते ऐसे दिन. लेकिन मेरी मां ने उसी शाम को तीन ईंटें रखीं और आग जलाई. औरतें बोलीं, आज? मेरी मां मेरे को दिखाके बोली, ये तो अभी जिंदा है ना. इसको भूख लगी है." मग तिने माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, "क्या बनाया था तेरे बाप ने?" मी म्हटलं, "खिचडी. जली हुई." ती म्हणाली, "जली हुई ही बनेगी. रोते रोते अच्छी कैसे बनेगी?"

पप्पा रडले होते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी त्यांची पाठ पाहिली होती, स्टोव्हकडे वळलेली. तोंड पाहिलं नव्हतं.

मग आपण सगळ्यांनी मिळून ते पिठलं खाल्लं, गुठळ्यांसकट, भाजलेल्या पापडांबरोबर. त्या आईने गरम लोला करून दिला, गुळाची जाड पोळीच ती, आणि परत न मागायचा डबा भरून परत आला. येताना रिक्षात तुम्ही मला काही उपदेश कराल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही बाहेर बघत बसलात. मग विचारलंत, "तुझे वडील कामाला कुठे आहेत गं?" मी म्हटलं, जांभूळला, पाण्याच्या प्लँटवर. "अरे वा," तुम्ही म्हणालात, "अख्ख्या एमआयडीसीला पाणी पाजतात आणि खिचडीत घालायला हात आखडतो होय? त्यांना सांग, पाणी चांगलं भरपूर घाला. आणि आच बारीक."

मी घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. पप्पा ड्यूटीवरून येऊन बूट सोडत होते. आधी त्यांना कळेना, मग ते हसले, आई गेल्यावर पहिल्यांदा. म्हणाले, "बाईंना सांग, चूक झाली. परत नाही होणार." मग एकदम उठून मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मी डबा उघडून लोल्याचे दोन तुकडे केले आणि मोठा त्यांच्या ताटलीत ठेवला. त्या रात्री खिचडी मीच टाकली. सोमवारी तुम्हाला नवं चित्र दिलं. पेटता स्टोव्ह आणि समोर दोन ताटं. तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलंत आणि म्हणालात, "ज्योतीचा निळा बरोबर आलाय." बास. तुमच्याकडून तेवढंच मिळायचं, आणि तेवढ्यावर मी चित्रकलेची शिक्षिका झाले.

तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता बारावीची पुस्तकं उशाला घेऊन झोपतो. तुम्ही बदलापूरला भाचीकडे राहायला गेला होतात आणि मीही लग्न होऊन बदलापूरलाच आले होते, तुम्ही पूर्वेला, मी पश्चिमेला. पूल ओलांडला की तुमचं घर. दोनदा येऊन गेले, दुसऱ्या खेपेला तुम्ही मला ओळखलं नाहीत, पण चहाच्या कपावरची नक्षी वाईट आहे असं मात्र मला ठणकावून सांगितलंत. मग एका दुपारी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. सकाळीच सगळं उरकलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, एकाखाली एक, आणि मध्येच कुणी तरी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. भाचीच्या घरी त्या दिवशी काय झालं मला ठाऊक नाही. शहाणी माणसं आहेत, घरात लहान मुलं होती, त्यांनी स्वयंपाक केलाच असेल, आणि करायलाच हवा, हे मी त्या झोपाळ्यावर शिकले आहे. पण मुलं-बाळं नसलेल्या बाईसाठी कुठे तरी एक शेगडी थांबायला हवी होती, असं मला वाटत राहिलं. माझं तुमचं नातं काय? सासूबाईंना काय सांगणार होते मी? शाळेतल्या चित्रकलेच्या बाई गेल्या म्हणून आज घरात सगळे उपाशी?

भात लावायला तांदूळ धुऊन ठेवले होते. ते तसेच बाजूला सारले. ओंजळीत नळाचं पाणी घेतलं आणि दोन्ही बर्नरवर शिंपडलं. हात जोडले की नाही, आठवत नाही. संध्याकाळी सासूबाई आत आल्या, "अगं, कुकर नाही लावलास?" मी म्हटलं, "गॅस संपला." ह्यांनी बाहेरून जेवण आणलं, मुलगा तर खूश झाला. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. सकाळी सासूबाई शेगडी पुसत होत्या. म्हणाल्या, "यावर हे पाण्याचे डाग कशाने गं पडले?" मी म्हटलं, उतू गेलं असेल काहीतरी. "गॅस नव्हता ना?" त्यांनी विचारलं, माझ्याकडे जरा बघितलं, आणि मग फडकं पिळून पुसत राहिल्या.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. चित्रांच्या गठ्ठ्यात ठेवीन, कागदाखाली कागद. उद्या त्या शेगडीचं उत्तर काढायला मुलं बसतील आणि आधी मला विचारतील, टीचर, कोणाचं बरोबर? थदडी मी त्यांना सांगेनच. पण ज्या मुलाने सिलिंडर संपलाय म्हटलं, त्याला माझ्याच्याने चूक म्हणवत नाही. त्या दिवशी मीही घरात तेच सांगितलं होतं, बाई, आणि भरलेला सिलिंडर दाराआड उभा होता.